संत्र्याची तोडणीनंतरची हाताळणी आणि शीतगृह: आंबिया बहाराचा माल नेमका किती दिवस धरता येतो?

वरुडचा_बागायतदार

सर्व जाणकारांना नमस्कार. वरुड-मोर्शी भागातील आम्ही काही संत्रा उत्पादक मिळून वीस टन फळ मावेल अशी शीतखोली बांधण्याच्या विचारात आहोत. आमच्याकडे आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्याचा, माल ऑक्टोबरअखेरीपासून डिसेंबरपर्यंत एकदम तोडणीला येतो, त्याच दिवसांत नागपूरच्या कळमना बाजारातील आवक फुगते, आणि बागेचा सौदा करून गेलेला व्यापारीही फळगळीकडे बोट दाखवून ठरलेला भाव खाली आणतो. बांगलादेशाकडे जाणाऱ्या मालामुळे पूर्वी हा भार थोडा तरी हलका होत असे. परंतु त्या देशाने आयात शुल्क वाढवत नेऊन २०२३ मध्ये ते किलोमागे ८८ टाक्यांवर नेल्यापासून ती वाट अरुंद झाली आहे.

तेव्हा नोव्हेंबरचा माल जानेवारीत विकता आला तर चार पैसे अधिक मिळतील, असा आमचा सरळ हिशोब आहे. तापमान किती ठेवावे, फळ किती दिवस टिकेल, मेणाचे आवरण आवश्यक आहे का, आणि स्वतःची खोली बांधण्याआधी नागपुरातील एखाद्या शीतगृहात जागा भाड्याने घेऊन प्रयोग करावा का, या चार बाबींवर मार्गदर्शन मिळावे, ही विनंती.

कळमना_आडत

भाऊ, खोलीचे तापमान विचारण्याआधी हा माल विकणार कुठे, ते ठरवावे. कळमन्यात ढिगावर बोली होते, आणि तिथला खरेदीदार शीतगृहातून आलेले फळ ओळखतो. अशा फळाला तो वाढीव भाव तर देत नाहीच, उलट ते दोन दिवसांत मऊ पडेल या भीतीने हात आखडता घेतो. दिल्ली, कोलकाता किंवा दक्षिणेकडील थेट खरेदीदार आधी बांधून घेतला असेल, तरच फळ धरून ठेवण्यात अर्थ आहे.

दुसरे म्हणजे, तुम्ही ज्या जानेवारीकडे डोळे लावून बसला आहात, त्या महिन्यात पंजाबातील अबोहर आणि राजस्थानातील श्रीगंगानगरचा किन्नू, म्हणजे संत्र्याचा संकरित वाण, भरात असतो. डिसेंबरपासून तो देशभर पसरतो. त्याची साल घट्ट असते, फळ चकचकीत मेण लावून पेटीत बसवलेले असते, आणि वाहतुकीत ते आपल्या सैल सालीच्या संत्र्यापेक्षा कमी खराब होते. फेब्रुवारी उजाडला की आपल्याच मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याच्या फळाची, आवक सुरू होते. मधली फट तुम्हाला वाटते तितकी रुंद नाही.

निवृत्त_फळशास्त्रज्ञ

वरील प्रतिसादातील बाजाराचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. फळाच्या अंगाने थोडे सविस्तर लिहितो, कारण शीतगृहाकडून अवास्तव अपेक्षा ठेवल्या जातात, असा माझा अनुभव आहे.

संत्रा, मोसंबी आणि लिंबू ही फळे आंबा किंवा केळीप्रमाणे झाडावरून उतरल्यानंतर पिकत नाहीत. त्यांच्यात साखरेत रूपांतर होईल असा पिष्टमय पदार्थांचा साठा नसतो. त्यामुळे तोडणीच्या क्षणी जी गोडी असते, तीवर पुढे काही भर पडत नाही. साठवणीत आम्लता हळूहळू कमी होते, म्हणून फळ किंचित गोड लागू शकते इतकेच. आंबट फळ खोलीत ठेवून पिकेल या आशेवर कोणीही राहू नये. रसातील विद्राव्य घटक (मुख्यतः साखर) १० ब्रिक्सच्या, म्हणजे साधारण १० टक्क्यांच्या, वर गेल्याशिवाय साठवणीसाठी तोडणी करू नये, आणि बागेच्या चारही बाजूंची काही फळे पिळून रिफ्रॅक्टोमीटरने ते तपासून घ्यावे. हे उपकरण अगदी लहान असते आणि गटाला परवडण्यासारखे असते.

नागपुरी संत्र्यासाठी ६ ते ७ अंश सेल्सिअस तापमान आणि ९० ते ९५ टक्के सापेक्ष आर्द्रता योग्य ठरते. नागपूर येथील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेच्या शिफारशीही याच पट्ट्यातील आहेत. निवडक, जखमरहित आणि मेणाचे आवरण दिलेले फळ या स्थितीत साधारण दीड महिना राहते. ही वरची मर्यादा आहे; व्यवहारात नियोजन तीस दिवसांचेच करावे.

तापमान आणखी खाली नेले तर फळ अधिक टिकेल, हा समज मात्र घातक आहे. लिंबूवर्गीय फळे उष्ण प्रदेशातील असल्याने त्यांना थंडीची इजा होते. सालीवर खड्डे पडतात, तपकिरी डाग येतात, साल पाणचट होते, आणि मुख्य म्हणजे खोलीत असेपर्यंत यांपैकी बरेचसे दिसत नाही. फळ बाहेरच्या उष्णतेत आल्यावर दोन-तीन दिवसांत सर्व काही उघडे पडते. मग खरेदीदाराला वाटते की माल वाहतुकीत बिघडला, आणि शेतकऱ्याला वाटते की खरेदीदार खोटे बोलतो आहे.

ठेवण्याच्या फळाचे वयही पाहावे लागते. भाव वाढेल म्हणून पूर्ण पक्व संत्रा झाडावरच धरून ठेवण्याची सवय आपल्याकडे आहे. मोसंबीला ते काही काळ सोसते, परंतु संत्र्याची साल गरापासून सुटू लागते, फळ हाताला फोफसे लागते, आणि असे फळ क्रेटमध्ये वरच्या वजनाने दबते. आधी झाडावर आणि मग खोलीत, असे दोन्हीकडे थांबवता येत नाही. साठवायचे फळ पक्वतेच्या सुरुवातीलाच उतरवलेले असावे.

पॅकहाऊसची_ताई

मी वर्धा जिल्ह्यात प्रतवारी आणि वॅक्सिंगचे काम पाहते. सरांनी लिहिलेल्या सर्व गोष्टी खऱ्या आहेत, परंतु आमच्याकडे येणाऱ्या फळाचे भवितव्य बहुतेक वेळा बागेतच ठरून गेलेले असते, हे मला अधिक ठासून सांगावेसे वाटते.

आपल्याकडे मजूर संत्रा पिळून आणि ओढून तोडतात. त्यात देठाशी असलेली हिरवी चकती निघून येते आणि कित्येकदा तिच्यासोबत सालीचा तुकडाही जातो. तेवढी जागा हिरव्या बुरशीला पुरेशी असते. पेनिसिलियम डिजिटॅटम ही बुरशी अखंड सालीतून आत शिरू शकत नाही. तिला जखम लागते, मग ती नखाची असो, काट्याची असो किंवा क्रेटच्या तुटक्या कडेची असो. म्हणून आम्ही साठवणीच्या मालासाठी दोन वेळा कापण्याची पद्धत सांगतो: पहिल्यांदा थोडा देठ ठेवून फळ झाडावरून उतरवायचे, आणि नंतर उरलेला देठ फळाच्या खांद्याबरोबर सपाट कापायचा. देठाचे टोक वर राहिले तर तेच शेजारच्या फळात घुसते. मजुरांनी नखे कापलेली असावीत आणि शक्य असेल तर हातमोजे वापरावेत, हे सांगताना हसू येत असले तरी त्याचा फरक ढिगात दिसतो.

सकाळच्या दवात तोडणी करू नका. नोव्हेंबरमध्ये पहाटेचे फळ पाण्याने टच्च भरलेले असते आणि सालीतील तेलग्रंथी नुसत्या बोटाच्या दाबानेही फुटतात. बाहेर आलेले तेल आजूबाजूच्या पेशी मारते आणि दोन दिवसांनी तिथे बोटांच्या ठशांसारखे तपकिरी डाग उमटतात. दव उडून साल कोरडी झाल्यावर काम सुरू करावे. पाऊस पडून गेला असेल तर एक-दोन दिवस थांबावे.

तोडलेले फळ जमिनीवर ओतू नये. बागेत ढीग लावून, त्यावर बसून प्रतवारी करण्याची जी रीत आहे, तिच्यामुळे मातीतल्या बुरश्या फळाला लागतात. विशेषतः खालच्या फांद्यांवरील फळांवर फायटोफ्थोराची तपकिरी कुज आधीच बसलेली असू शकते. फळ झोळीतून थेट प्लास्टिकच्या क्रेटमध्ये जावे, क्रेट काठोकाठ भरू नये, आणि क्रेट सावलीत ठेवावेत. जमिनीपासून हातभर उंचीपर्यंतचे फळ साठवणीत घेऊच नये, असा आमचा नियम आहे.

काटोलकर

ताई, तुमचे सर्व म्हणणे कागदावर उत्तम आहे, परंतु कात्रीने दोनदा कापायचे म्हटले की दिवसाची तोडणी निम्म्यावर येते. हंगामात मजूर मिळण्याचीच मारामार असते आणि ते मजुरी क्रेटवर मागतात. वीस टन फळ असे उतरवायला किती दिवस लागतील याचा विचार केला आहे का? माझ्या मते संपूर्ण बागेला कात्री लावणे हा हौशीचा प्रकार आहे.

पॅकहाऊसची_ताई

काटोलकर दादा, संपूर्ण बागेला कात्री लावा, असे मी म्हटलेलेच नाही. जो माल दुसऱ्या दिवशी बाजारात जाणार आहे तो तुम्ही नेहमीप्रमाणे उतरवा. साठवणीसाठी झाडाच्या वरच्या आणि बाहेरच्या बाजूचे, मध्यम आकाराचे, रंग आलेले फळच निवडायचे असते, आणि ते एकूण मालाचा एक भाग असते. फार मोठे फळ बहुधा जाड सालीचे व फोफसे असते आणि अगदी लहान फळाला पुढे भाव नाही. तेवढ्या भागासाठी वेगळी टोळी ठेवून तिला क्रेटवर नव्हे तर दिवसावर मजुरी दिली, तर हात आपोआप सावकाश चालतात. क्रेटवर मजुरी आणि नाजूक तोडणी या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत, हे मात्र तुम्ही बरोबर हेरले आहे.

निवृत्त_फळशास्त्रज्ञ

तोडणीच्या चर्चेत बुरश्यांचा एक भेद लक्षात ठेवणे उपयोगी ठरेल. पेनिसिलियमच्या दोन जातींपैकी हिरवी बुरशी उबदार हवेत झपाट्याने वाढते आणि थंडीत मंदावते. निळी बुरशी, म्हणजे पेनिसिलियम इटालिकम, थंडीत तुलनेने अधिक तग धरते आणि एका कुजलेल्या फळापासून लगतच्या निरोगी फळांत पसरत जाते. त्यामुळे शीतखोलीत पहिले पंधरा दिवस सर्व ठीक दिसून नंतर क्रेटमध्ये निळसर पुंजके सापडू लागले, तर नवल वाटू नये. आठवड्यातून एकदा क्रेट पाहून बाधित फळ काढलेच पाहिजे, आणि ते खोलीत न हाताळता पिशवीत बंद करून बाहेर न्यावे, नाहीतर बीजाणूंची भुकटी पंख्याच्या वाऱ्याने सर्वत्र फिरते.

देठाकडून होणारी कुज ही वेगळी बाब आहे. लॅसिओडिप्लोडिया आणि अल्टरनेरिया या बुरश्या बागेतील वाळलेल्या फांद्यांवर वाढतात, पावसाच्या थेंबांबरोबर फळाच्या देठाशी येऊन निमूटपणे बसतात आणि देठाची चकती वाळून सुटू लागली की आत शिरतात. या कुजीला कात्रीही पूर्णपणे थोपवू शकत नाही आणि धुण्याचे पाणीही नाही. पावसाळ्यापूर्वी सल काढणे, म्हणजे वाळलेल्या काड्या छाटून बागेबाहेर जाळणे, हाच तिचा खरा उपाय आहे. ज्या बागेत सल काढलेली नाही त्या बागेचा माल शीतखोलीत घेऊ नये, असा नियम गटाने आताच लिहून ठेवावा. ऐन हंगामात तो लागू करणे नात्यागोत्यामुळे कठीण जाते.

वरुडचा_बागायतदार

सर, ताई, मनापासून आभार. दोन शंका आहेत. ऑक्टोबरमध्ये आमचे फळ आतून गोड असते, परंतु साल हिरवीच राहते. अशा फळाला रंग आणून मग साठवता येईल का? आणि मेणाबद्दल गावात दोन टोकाची मते आहेत, त्यावरही लिहावे.

निवृत्त_फळशास्त्रज्ञ

साल हिरवी राहण्याचे कारण रात्रीचे तापमान आहे. रात्री थंड पडू लागल्याशिवाय सालीतील हरितद्रव्य विरघळत नाही आणि नारिंगी रंगद्रव्ये पुरेशी तयार होत नाहीत. आपल्याकडे ऑक्टोबरच्या रात्री तेवढ्या थंड नसतात. डीग्रीनिंगच्या, म्हणजे सालीचा हिरवेपणा घालवण्याच्या, खोलीत ५ ते १० पीपीएम (दशलक्षात ५ ते १० भाग) इथिलीन वायू, २० ते २५ अंशांच्या आसपासचे तापमान आणि ९० टक्क्यांहून अधिक आर्द्रता ठेवली, तर दोन-तीन दिवसांत रंग येतो. खोलीत कर्बवायू साचू न देण्यासाठी हवा बदलत राहावी लागते, आणि तापमान ३० अंशांच्या वर गेले की हिरवेपणा जातो पण नारिंगी रंग चढत नाही, फळ फिकट पिवळे दिसते. इथिलीनची मात्रा वाढवून काम लवकर होत नाही. देठाची चकती मात्र लवकर वाळते आणि वर सांगितलेल्या देठाच्या कुजीला दार उघडते. म्हणून असे रंगवलेले फळ लगेच विकावे. साठवणीसाठी नोव्हेंबरच्या मध्यानंतर झाडावरच रंगलेले फळ घ्यावे. कॅल्शियम कार्बाइडचा वापर कोणी सुचवला तर त्याला कायद्याने बंदी आहे, हे सांगून विषय तिथेच संपवावा.

पॅकहाऊसची_ताई

मेणाबद्दल माझे मत असे, की ते चकाकीसाठी नव्हे तर धुण्यात गेलेले फळाचे स्वतःचे नैसर्गिक आवरण भरून काढण्यासाठी लावायचे असते. आम्ही फळ आधी स्वच्छ पाण्याने, मग १०० ते १५० पीपीएम क्लोरीन असलेल्या पाण्याने धुतो. त्या पाण्याचा सामू (पीएच) ७ च्या आसपास राहिला तरच क्लोरीन काम करते, आणि पाणी मातकट झाले की क्लोरीन मातीवरच खर्च होते, म्हणून ते वेळेवर बदलावे लागते. मऊ ब्रशवरून, उबदार हवेखालून फळ पूर्ण कोरडे झाल्यानंतरच मेणाचा अतिशय पातळ थर द्यावा.

जाड थराचा तोटा फारसा कोणी सांगत नाही. संत्र्याचे फळ तोडल्यावरही श्वास घेत असते. लाखेचे प्रमाण जास्त असलेले चकचकीत आवरण जाड बसले तर प्राणवायू आत जाणे कमी होते, फळात मद्यार्क तयार होतो आणि चव आंबूस, शिळी लागते. मोसंबीपेक्षा संत्र्यात हा दोष लवकर येतो, आणि फळ खोलीबाहेर उष्णतेत आल्यावर तो वेगाने वाढतो. त्यामुळे कार्नोबासारखे (एका ताडवर्गीय झाडाच्या पानांचे), हवा खेळू देणारे मेण निवडावे. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार ताज्या फळांवर मधमाश्यांचे मेण, कार्नोबा किंवा लाखेचे मेण लावता येते, परंतु कोणते मेण लावले आहे याचा उल्लेख लेबलवर करावा लागतो. मेणात बुरशीनाशक मिसळून देणारे विक्रेते भेटतील; ते रसायन आपल्या देशात या कामासाठी नोंदणीकृत आहे का आणि तुमचा खरेदीदार ते स्वीकारतो का, हे लेखी पाहिल्याशिवाय हात लावू नका.

रेफ्रिजरेशन_नागपूर

खोली बांधणारा माणूस म्हणून मला विचाराल, तर नुसता वीस टन क्षमता हा आकडा सांगून भागत नाही. रोज किती टन गरम फळ आत येणार, या आकड्यावर यंत्रणा ठरते.

समजा, रोज पाच टन फळ २८ अंशांवर आले आणि ते ७ अंशांवर आणायचे आहे. संत्र्याची विशिष्ट उष्णता किलोमागे प्रत्येक अंशाला साधारण ३.८ किलोज्यूल धरली, तर ५००० गुणिले ३.८ गुणिले २१ म्हणजे सुमारे चार लाख किलोज्यूल, अर्थात १११ युनिट एवढी उष्णता काढावी लागेल. ती दहा तासांत काढायची तर ११ किलोवॉट, म्हणजे तीन टनांहून थोडी अधिक रेफ्रिजरेशनची क्षमता केवळ या फळासाठी हवी (हा ‘टन’ वजनाचा नव्हे, तर यंत्राची थंड करण्याची ताकद मोजण्याचा). भिंती, दार, पंखे आणि माणसांचा भार त्यावर वेगळा. उलट, एकदा थंड झालेल्या वीस टन फळाच्या श्वसनातून निघणारी उष्णता अर्ध्या किलोवॉटहूनही कमी असते. फळ थंड ठेवणे स्वस्त आहे. फळ थंड करणे महाग आहे. त्यामुळे ज्यांनी केवळ साठवणीचा भार धरून लहान यंत्र बसवले, त्यांच्या खोलीत फळ तीन-तीन दिवस कोमट राहते आणि आधी थंड झालेले फळही पुन्हा तापते.

यावर उपाय म्हणून खोलीचे दोन भाग करावेत. लहान भागात जोरदार पंख्याने क्रेटमधून थंड हवा ओढून फळ आधी गार करायचे, आणि मग ते मोठ्या भागात न्यायचे. तोडणी दुपारी संपत असेल तर फळ रात्रभर सावलीत, मोकळ्या हवेत ठेवून पहाटे आत घेतले, तरी नोव्हेंबरच्या थंड रात्री काही अंश फुकटात काढून देतात.

आर्द्रतेसाठी कूलिंग कॉइल, म्हणजे खोलीतली हवा थंड करणारी नळ्यांची जाळी, मोठी घ्या. कॉइलचे तापमान खोलीपेक्षा फार खाली गेले की हवेतले पाणी कॉइलवर जमते आणि ते पाणी शेवटी तुमच्या फळातूनच गेलेले असते. खोली आणि कॉइल यांच्यात चार-पाच अंशांहून जास्त फरक पडणार नाही, अशी निवड करायला विक्रेत्याला सांगा. तो स्वस्त कॉइल पुढे करेल, कारण कोटेशनमधला तोच सर्वांत सहज कापता येणारा आकडा असतो.

कळमना_आडत

मूळ प्रश्नातील भाड्याच्या शीतगृहाबद्दल अजून कोणी लिहिले नाही. नागपूर भागातील बरीच शीतगृहे लाल मिरची, चिंच, सुकामेवा अशा कोरड्या मालावर चालतात. तिथे रिकामी जागा आणि गोड बोलणे दोन्ही मिळेल, पण संत्रा तिथे ठेवू नका.

रेफ्रिजरेशन_नागपूर

याला आकड्यांची जोड देतो. ७ अंशांवरच्या हवेत ९० टक्के आर्द्रता असेल तर फळातून पाणी ओढण्याचा जोर सुमारे ०.१ किलोपास्कल असतो. त्याच तापमानाला मिरचीसाठी ठेवतात तशी ६५ टक्के आर्द्रता असेल, तर तो ०.३५ होतो, म्हणजे साडेतीन पट. वजन पाच-सहा टक्के घटले की संत्र्याची साल सुरकुतते. मिरचीचा वास फळाला लागतो तो वेगळाच. सफरचंदाच्या शीतगृहातही ठेवू नये, कारण तिथले तापमान शून्याजवळ असते आणि सफरचंदातून इथिलीन निघतो.

तुलनेसाठी हेही पाहावे की २८ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेच्या हवेत हाच जोर १.९ किलोपास्कल, म्हणजे चांगल्या शीतखोलीच्या एकोणीस पट असतो. बागेत उन्हात ठेवलेल्या क्रेटचा एक तास किती महाग पडतो, ते यावरून दिसेल.

श्रीगोंद्याचा_लिंबूवाला

आमच्याकडे कागदी लिंबाला उन्हाळ्यात भाव चढतो, त्यामुळे साठवणीचे गणित संत्र्यापेक्षा सरळ आहे. मात्र लिंबू ६-७ अंशांवर ठेवल्यास सालीवर खड्डे पडतात. त्याला ८ ते १० अंश लागतात, आणि ते हिरवे असतानाच तोडावे लागते. तेव्हा गटातील कोणाच्या बांधावर लिंबाची झाडे असतील आणि तेच क्रेट त्याच खोलीत सरकवून देण्याचा विचार असेल, तर तो आधीच सोडून द्यावा. मोसंबी मात्र संत्र्याच्या तापमानाजवळ चालते आणि संत्र्यापेक्षा बरीच जास्त टिकते.

काटोलकर

आता मी पैशांचे विचारतो. खोली, कॉइल, मेण, कात्री, वेगळी टोळी, हे सर्व धरून उरते काय?

पॅकहाऊसची_ताई

दादा, आकडे गृहीत धरून मांडते. प्रत्येकाने आपले घालून पाहावे. समजा, आज बागेत किलोला २५ रुपये मिळत आहेत. शंभर किलो फळ महिनाभर ठेवले, त्यात ३ टक्के वजन घटले आणि ५ टक्के फळ कुजून काढावे लागले, तर विकायला ९२ किलो उरते. निवड, धुणे, मेण, वीज आणि खोलीचा वाटा मिळून किलोला ४ रुपये धरले, तर आजच्या २५०० रुपयांशी बरोबरी साधायला २९०० रुपये मिळाले पाहिजेत, म्हणजे किलोला साडेएकतीस रुपये. भाव सव्वापट झाला तर तुम्ही जिथल्या तिथे राहता. नफा त्यानंतर सुरू होतो. कूज पाचाऐवजी पंधरा टक्के झाली तर बरोबरीचाच भाव पस्तीसच्या वर जातो. म्हणून मी कात्रीसाठी इतकी भांडते.

माझे वैयक्तिक मत विचाराल, तर महिनाभर थांबण्यासाठी खोली बांधू नये. आठ-दहा दिवस थांबता यावे, गाडी भरेपर्यंत माल ताजा राहावा, आणि कमी भावाच्या दिवशी विकण्याची सक्ती नसावी, एवढ्यासाठी ती बांधावी. आठ दिवस गार ठेवलेल्या फळात घट फार थोडी असते, आणि ते दूरच्या बाजारात अधिक चांगल्या स्थितीत पोहोचते.

निवृत्त_फळशास्त्रज्ञ

ताईंच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी सहमत आहे. कर्जाचा विचार असेल तर कृषी पायाभूत सुविधा निधीतून दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत मिळते, आणि पॅकहाऊस व शीतखोली दोन्ही त्यात बसतात. प्रस्तावात केवळ शीतखोली न दाखवता धुणे, प्रतवारी आणि पूर्वशीतकरण (साठवणीआधी फळ वेगाने गार करणे) यांचाही समावेश करावा.

मृग बहाराच्या थोड्या फळासाठी भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला शून्य ऊर्जा शीतकक्षही विसरू नये. विटांच्या दुहेरी भिंतीत वाळू भरून ती ओली ठेवायची, एवढीच त्याची रचना आहे. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत तो आपल्याकडे चांगला गार राहतो. ऑक्टोबरच्या दमट दिवसांत त्याचा उपयोग कमी होतो.

वरुडचा_बागायतदार

गटाच्या बैठकीत हा संपूर्ण धागा वाचून दाखवला. यंदा खोलीऐवजी आधी धुण्याची आणि प्रतवारीची सोय करावी, व त्यासोबत पाच टनांचा पूर्वशीतकरणाचा कक्ष बांधावा, याकडे बहुतेकांचा कल आहे. एक शेवटची शंका: गार केलेला माल साध्या ट्रकमध्ये तणस अंथरून पाठवला तर चालेल का?

रेफ्रिजरेशन_नागपूर

७ अंशांवरचे फळ थेट २५ अंशांच्या आणि ६० टक्के आर्द्रतेच्या हवेत आणले, तर साल साधारण १७ अंशांच्या वर जाईपर्यंत तिच्यावर पाणी साचत राहते. ओली साल, ओले तणस आणि बंद ताडपत्री एकत्र आली, तर शीतकरणाचा सर्व खर्च बुरशीच्या उपयोगी पडतो. साधाच ट्रक वापरायचा असेल तर फळ ७ अंशांपर्यंत नेऊ नका. १५ ते १८ अंशांवर आणून थांबा, माल रात्री भरा, तणसाऐवजी छिद्रांच्या पुठ्ठ्याच्या पेट्या किंवा क्रेट वापरा, आणि रांगांमध्ये हवा फिरेल एवढी फट ठेवा. तापमापक खोलीच्या भिंतीवर लावून समाधान मानू नका; टोकदार तापमापक मधल्या क्रेटमधील फळाच्या गरात खुपसून जो आकडा येईल, तोच वहीत लिहा. तपासलेले ते फळ मात्र परत क्रेटमध्ये ठेवू नये.